शहाण्णव बॅटऱ्यांची निगा

धाकटी संसार मोडून परत आली तेव्हा ताईने दार उघडलं, तिच्या हातातली बॅग घेतली, चहा टाकला आणि मनातल्या मनात दिवस मोजायला सुरुवात केली. आठ दिवसांची पाहुणी असती तर ताईसारखी बहीण शोधून सापडली नसती. पण बॅगेत हिवाळ्याचे कपडे होते, उन्हाळ्याचेही होते, आणि तळाशी घटस्फोटाचे कागद होते. ही राहायला आली होती.

आईला अंथरुणाला खिळून नऊ वर्षं झाली होती. डोळे त्याच्याही आधी गेले होते. नऊ वर्षं म्हणजे काय, ते ज्याने केलंय त्यालाच विचारा; इतरांनी त्यावर बोलू नये. सकाळी अंग पुसणं, कूस बदलणं, भरवणं, मग वखारीत नोकरी, संध्याकाळी पुन्हा तेच. ताईने लग्न केलं नाही, गावाला गेली नाही, कुणाच्या घरी दोन घटका बसली नाही. बदल्यात तिला फार काही नको होतं. आईने एकदा म्हणावं, तू होतीस म्हणून मी आहे. एवढंच.

आईने ते म्हटलं नाही. आईची जीभ मात्र शेवटपर्यंत धडधाकट होती. "ही भरवते म्हणजे वखारीत माल भरल्यासारखं," असं ती शेजारीणबाईला ताईच्या देखत सांगायची. आणि धाकटी आल्याच्या तिसऱ्या दिवशी, धाकटीने दुधात पाव कुस्करून, गप्पा मारत मारत वाटीभर भरवला, तेव्हा आई म्हणाली, "इतक्या वर्षांनी पोटभर जेवले गं."

ताई दारात ओला टॉवेल घेऊन उभी होती. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात, ते हेच. तिने टॉवेल वाळत घातला आणि त्या दिवसापासून सख्ख्या बहिणीला पाण्यात पाहायला लागली.

महिन्याभरात परिस्थिती अशी झाली की आई ताईच्या हातून पाणीसुद्धा घेईना. "धाकटी येऊ दे," म्हणायची. दिवसभर ती आईच्या उशाशी बसून असते म्हणून हे सगळं, असं ताईच्या मनाने घेतलं आणि तिने स्वतःच धाकटीला आपल्या वखारीत लावून दिलं. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी कौतुक केलं. तीन महिने परीक्षेचे, पास झाली तर कायम. ताईचा हिशेब असा की ही दमून येईल आणि अंथरुणावर पडेल. पण नवख्यांची सुट्टी दुपारी तीनला व्हायची आणि वखारीची प्रमुख म्हणून ताईची सहाला. म्हणजे हिशेब तिथेच चुकला. धाकटी तीनलाच घरी, आणि संध्याकाळी ताई दारात पाऊल टाकते तोवर आईचं जेवण, हसणं, बोलणं सगळं उरकलेलं. ताईच्या वाट्याला काय, तर उष्टी वाटी.

वखार एका संस्थेची होती. डोंगराआडच्या गावांत छोटे दवाखाने, तिथे वीज नाही, म्हणून छपरांवर सौर पत्रे बसवलेले होते आणि त्यांना जोडायच्या लिथियमच्या बॅटऱ्या इथे येऊन पडल्या होत्या. हिवाळाभर घाटरस्ते बंद. रस्ते उघडेपर्यंत बॅटऱ्या वखारीत सांभाळायच्या. आठ मांडण्या, प्रत्येकीवर बारा, एकूण शहाण्णव. करड्या रंगाच्या लोखंडी पेट्या, दोघांनी मिळून उचलाव्यात अशा जड, प्रत्येकीच्या तोंडावर एक बटण आणि एक मोहरीएवढा हिरवा दिवा. धूळ बसू नये म्हणून वरून पुठ्ठ्याची झडप.

बॅटरी नुसती ठेवून दिली की झालं, असं ज्यांना वाटतं त्यांनी ती विकत घेऊ नये. पूर्ण भरून ठेवली तर लवकर म्हातारी होते, पूर्ण रिकामी ठेवली तर मरते. अर्धं पोट भरून, कोरड्या जागी, निजवून ठेवायची. आत सर्किटची एक छोटी पाटी असते, ती बॅटरीवर पहारा देते. पण पहारेकरी जागा असला की तोही थोडं थोडं खातो. म्हणून त्यालाही झोपवायचं. महिन्यातून एकदा बटण दाबून उठवायचं, मीटर लावायचा, आकडा वहीत लिहायचा, आणि मग तेच बटण पाच सेकंद दाबून धरायचं, हिरवा दिवा विझेपर्यंत. विझला म्हणजे झोपली. तुम्ही झोपवायला विसरलात तरी दोन दिवस कुणी हात लावला नाही तर ती आपली आपण झोपते. फार माफ करणारी वस्तू आहे. माणसांत हा गुण कमी.

पहिल्या दिवशी ताई धाकटीला हे सगळं शिकवत होती. बटण दाबलं, दिवा लागला, मीटरच्या दोन्ही तारा लावून दाखवल्या, बावन्न पूर्णांक आठ व्होल्ट. "हे लिहायचं. एक्कावन्नच्या खाली गेलं तर मला सांगायचं. आणि मग..." एवढ्यात शेजारीणबाईचा फोन आला. आई दुपारचं काही घ्यायला तयार नव्हती. धाकटी कधी येते म्हणून विचारत होती.

ताईने फोन ठेवला तेव्हा तिच्या डोक्यातून 'आणि मग' पार निघून गेलं होतं. ती म्हणाली, "झालं, एवढंच काम. महिन्यातून एकदा." इथवर तिची चूक माणसाची होती. इथवर मीही तिला काही बोलणार नाही.

पण धाकटी ही महिन्यातून एकदा काही करणारी बाईच नव्हती. आईला ती तासातासाला विचारायची, दुखतंय का, तहान लागलीय का, कूस बदलू का. बॅटऱ्यांचंही तिने तसंच मांडलं. ही नोकरी टिकली तर आईजवळ राहता येणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. रोज सकाळी आली की पहिल्या मांडणीपासून आठव्यापर्यंत सगळ्या शहाण्णव उठवायच्या, आकडे घ्यायचे, झडप लावायची, वखारीतल्या भिंतीवरचं तापमान लिहायचं. वही तिची मोत्यासारख्या अक्षरांनी भरत चालली. अति तिथे माती, असं तिला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी ताई वखार बंद करायला आली. तिने मोठा दिवा मालवला आणि ती कडी लावायला वळली, तर मागे अंधारात झडपांच्या फटींतून हिरवे ठिपके दिसत होते. एक नाही, दोन नाही, सगळ्या मांडण्यांवर, वरपासून खालपर्यंत.

ताई वीस वर्षांची अनुभवी. तिला एका क्षणात सगळं कळलं. आपण काय सांगायचं विसरलो, ही रोज काय करते, आणि असंच चाललं तर काय होणार. ती पहिल्या मांडणीपाशी गेली, झडप उचलली, पहिल्या बॅटरीचं बटण दाबून धरलं. एक, दोन, तीन, चार, पाच. दिवा विझला. दुसरी विझवली. तिसरी विझवली.

चौथीच्या बटणावर बोट ठेवून ती थांबली. तिला सकाळ आठवली. तिने आईचे केस विंचरायला घेतले तर आईने तोंड फिरवलं होतं आणि म्हणाली होती, "राहू दे. धाकटी करेल. तिचा हात हलका आहे."

ताईने बोट काढून घेतलं. आधी झोपवलेल्या तिन्ही पुन्हा उठवल्या, झडपा लावल्या आणि कडी घालून घरी गेली. उद्या सांगू, असं स्वतःला म्हणाली. आपण सगळेच म्हणतो. दुसऱ्या दिवशी तिने मिठाची गुळणी धरली ती धरलीच.

या जातीच्या बॅटरीचा एक लबाडपणा आहे. अर्धं पोट रिकामं झालं तरी चेहऱ्यावर काही दिसत नाही. बावन्न पूर्णांक आठ, सात, सहा, असे आकडे मुंगीच्या पावलाने उतरतात आणि तळ आला की एकदम कोसळतात. पहिल्या महिन्याच्या शेवटी ताईने वहीवर सही केली तेव्हा सगळे आकडे साजरे होते. पण धाकटीला संशय आला. तिचं लक्षच तसं.

"ताई, बघ ना गं. एकही वर चढत नाही. सगळे थोडे थोडे उतरतायत."

ताईने चष्मा लावला, वही दोनदा चाळली, जणू पहिल्यांदाच बघतेय. "थंडी आहे. थंडीत उतरतात."

"मग काही करायला नको?"

"लक्ष ठेवायचं." ताई वही मिटत म्हणाली. "रोज बघतेस ना? रोजच बघ. रविवारीही येऊन जात जा हवं तर. एकही दिवस चुकवू नकोस."

केसाने गळा कापणं म्हणजे काय, हे कुणाला पाहायचं असेल तर ते हे. दोन दिवस हात लावला नसता तर बिचाऱ्या आपणहून झोपल्या असत्या. धाकटीने मात्र मान डोलावली. "बरं झालं तुला विचारलं," म्हणाली, आणि रविवारीही येऊ लागली. रविवारी ती नसे तेवढे दोन तास ताई आईजवळ बसायची. आई भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची.

सहाव्या आठवड्यात पहिली बॅटरी एक्कावन्नच्या खाली गेली. त्याच दिवशी अकरा गेल्या. धाकटी वही घेऊन धावत आली.

"ताई, चार्जर काढ. पन्नास पूर्णांक दोन आलाय. एकीचा तर एकोणपन्नास."

चार्जर ताईच्या कपाटात होते, किल्ली ताईच्या कमरेला. "वेडी आहेस का?" ताई म्हणाली. "थंडीत लिथियमला चार्जर लावायचा नाही. आतून कायमची बिघडते. पुस्तकातच लिहिलंय."

पुस्तकात लिहिलं होतं, ते खरंच. शून्याच्या खाली चार्जर लावू नये असं लिहिलं होतं. वखारीत त्या हिवाळ्यात पारा आठच्या खाली एकदाही आला नव्हता, आणि तो आठ, नऊ, दहा धाकटीनेच रोज आपल्या हाताने वहीत लिहिला होता. पण मोठ्या बहिणीने पुस्तकाचं नाव घेतल्यावर लहान बहीण पुस्तक कशाला उघडेल?

"मग?"

"थंडी ओसरू दे. मी वर कळवते."

तिने वर काही कळवलं नाही. पुढे दोन आठवडे धाकटी रोज सकाळी मरणाऱ्यांची यादी लिहीत होती. अठ्ठेचाळीस. पंचेचाळीस. एक्केचाळीस. घरी आली की ती आईला हसून भरवायची आणि मग मोरीत नळ सोडून रडायची. ताईला ते ऐकू यायचं. ताईला वाईट वाटलं का? वाटलं. पण वाईट वाटणं आणि तोंड उघडणं यांत फार अंतर असतं, आणि ताईने ते अंतर कधी ओलांडलं नाही.

तिसरा महिना लागता लागता घाट उघडण्याच्या आधीची तपासणी आली. संस्थेचा इंजिनियर आला, कमी बोलणारा, जाड काचांचा चष्मा घालणारा माणूस. त्याने पहिल्या बॅटरीचं बटण दाबलं. काहीच नाही. दुसरीचं. तिसरीचं. मग त्याने बॅग खाली ठेवली, कोट काढला आणि एकेक तपासत आठव्या मांडणीपर्यंत गेला. शहाण्णवपैकी एकाहत्तर मेलेल्या. आकडा इतका खाली की आता चार्जर लावला तर आत आग लागायची भीती. त्या सरळ भंगारात. एका जिवंत बॅटरीला त्याने तार लावली आणि लॅपटॉपवर तिच्या आतली नोंद वाचली.

"हिला एकसष्ट वेळा उठवलंय," तो म्हणाला. "मुद्दाम झोपवलं एकदाही नाही. रोज उठवायला कुणी सांगितलं?"

धाकटी पुढे झाली. "मी रोज आकडे घेत होते, साहेब. सगळे लिहिलेत."

"पाच सेकंद दाबून झोपवायचं, हे माहीत नव्हतं?"

धाकटीने बटणाकडे पाहिलं. आपल्याच हाताने झालं हे तिला त्या क्षणी कळलं.

इंजिनियरने वही उघडली. "आकडे तर बरोबर लिहिलेत. सहाव्या आठवड्यातच पडायला लागले होते." त्याने ताईकडे पाहिलं. "मॅडम, दुसऱ्या महिन्याखाली तुमची सही नाही. हे तुम्हाला दाखवलं होतं?"

एक शब्द, आणि ताईची वीस वर्षांची नोकरी गेली असती. तिने धाकटीकडे पाहिलं. धाकटी तिच्याचकडे पाहत होती.

"नाही दाखवलं," धाकटी म्हणाली. "मला वाटलं, सुधारतील. झोपवायचं कसं ते ताईने पहिल्या दिवशी सांगितलं होतं. माझंच लक्ष नव्हतं."

घरी येताना रस्त्यात ती ताईला म्हणाली, "तुझी नोकरी गेली असती तर आईचं काय झालं असतं? मला काय, मी एकटी." मग थोडं चालून झाल्यावर तिने विचारलं, "तुलाही आठवलं नव्हतं ना गं, ते झोपवायचं?"

"नाही," ताई म्हणाली.

"मला वाटलंच." धाकटीने तिच्या दंडाला हात घातला.

वरिष्ठ तिला काढूनच टाकणार होते. ताईने रदबदली केली. काढू नका, दुसरीकडे पाठवा, लहान आहे, शिकेल. लोक म्हणाले, बहीण असावी तर अशी. धाकटीला डोंगराच्या पायथ्याच्या दूरच्या ठाण्यावर खोकी बांधायच्या कामाला पाठवलं. गावात दुसरं काम नव्हतं, नाही म्हणायची सोय नव्हती. तिथे फोनचं नेटवर्कही धड नव्हतं. आठवड्यातून एकदा मालाच्या गाडीबरोबर तालुक्याला गेलं की फोन लागायचा. इकडे एकाहत्तर बॅटऱ्या ट्रकमध्ये भरून भंगारात गेल्या आणि त्यांच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या दवाखान्यांनी आणखी एक वर्ष कंदिलावर काढायचं ठरलं. त्यांतल्या कुणाला या दोघी बहिणी ठाऊक नव्हत्या.

निघताना धाकटीने आईला सांगितलं, "चार दिवसांत येते." लहान मुलाला सांगतात तसं.

ती गेली आणि आईने तोंड मिटलं. पहिल्या दिवशी ताई समजुतीने वागली. दुसऱ्या दिवशी रागावली. तिसऱ्या दिवशी तिने चमचा ओठांवर टेकवला तर दूध हनुवटीवरून मानेत उतरलं, पण ओठ उघडले नाहीत. "आई, मी आहे. नऊ वर्षं मीच होते," ताई ओरडली. आई भिंतीकडे वळली. डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, या वयात अजून दोन दिवस असंच चाललं तर सलाइनचाही उपयोग नाही.

चौथ्या दिवशी ताईने अर्धी रजा टाकली आणि दुपारी तीनलाच घरी आली. दाराचा आवाज झाला तशी आईने मान वळवली. उपाशी राहून तिचा आवाज कागदासारखा झाला होता.

"आलीस का गं धाकटे?"

ताई चपला काढता काढता थांबली. मी ताई आहे, हे तिच्या तोंडावर आलं होतं. पण आईने विचारता विचारताच तोंड उघडलं होतं आणि ते घासासाठी उघडंच होतं.

"आले," ताई म्हणाली. आवाज तिने हलका केला होता. कसा केला ते तिचं तिलाच कळलं नाही.

"ती नाही ना घरात?"

"कोण?"

"ताई गं."

"नाही."

"मग दे," आई म्हणाली.

वाटीभर दूधपाव संपला. ताई मध्ये मध्ये धाकटीसारखं काहीबाही बोलत होती, रस्त्यात कोण भेटलं, शेजारीणबाई काय म्हणाली. आई हसली. नऊ वर्षांत ताईच्या हातून जेवताना आई पहिल्यांदा हसली. मग तिने चाचपडत ताईचा हात धरला, गालाला लावला आणि म्हणाली, "तू होतीस म्हणून मी आहे गं."

ताईने हात तसाच राहू दिला. हेच शब्द तिला हवे होते, अगदी हेच, आणि ते दुसरीच्या नावाने आले होते. तिला हंबरडा फोडावासा वाटला, पण हंबरडा तिच्या स्वतःच्या आवाजात निघाला असता.

पाचव्या दिवशीही तेच केलं. सहाव्या दिवशी भरवत असताना फोन वाजला. धाकटी तालुक्याला आली होती. मागे गाड्यांचे आवाज येत होते आणि ती घाईघाईने बोलत होती.

"ताई, आई जेवते का गं? माझ्या जिवाला घोर लागलाय. तिच्या कानाला लाव ना फोन. दोन शब्द बोलते."

"कोणाचा फोन गं, धाकटे?" आईने अंथरुणातून विचारलं.

ताईने फोनवर तळवा घट्ट दाबला. आईच्या हनुवटीवर दुधाचा थेंब होता आणि पुढच्या घासासाठी तोंड उघडं होतं.

"ताईचा," ती हलक्या आवाजात म्हणाली. "तुझ्याशी बोलायचंय म्हणते."

आईने तोंड मिटलं. "मला नाही बोलायचं तिच्याशी. ठेव तो."

ताईने तळवा काढला. पलीकडून धाकटी विचारत होती, "काय म्हणाली? आई काय म्हणाली, ताई?"

"तुझ्याशी बोलायचं नाही म्हणाली," ताईने सांगितलं आणि फोन ठेवला.